जुना होमपॉड + नवा होमपॉड = स्टीरिओ?

माझ्या मित्राकडे ॲपलचा 2018 चा होमपॉड आहे. 'आता 2023 चा घेतो, दोघांची स्टीरिओ जोडी लावतो,' म्हणाला. मी म्हटलं, थांब, पैसे वाया जातील!

स्टीरिओत एक स्पीकर डावा आवाज देतो, दुसरा उजवा. म्हणून दोन्ही सारखेच हवेत. पहिल्या पिढीत 7 ट्वीटर आहेत, दुसऱ्या पिढीत 5. त्यांची जोडी लागत नाही. मिनीलाही मिनीच लागतो.

मग काय करायचं? एअरप्ले 2 वापरून दोन्हींवर एकच गाणं एकदम वाजवता येतं, फक्त डावं-उजवं वेगळं होत नाही. खरा स्टीरिओच हवा तर जुन्याला जुनाच शोधा. तो 2021 मध्ये बंद झालाय, म्हणजे बहुतेक सेकंडहँडच मिळेल. घेण्याआधी पिढी नक्की तपासा.