डूलॅली : देवळालीचा ताप

शब्दांची मुशाफिरी : लेखांक नववा

गेल्या लेखांकात ‘लूट’ आणि ‘ठग’ या आपल्याकडच्या शब्दांनी इंग्रजी कोशात कायमचा मुक्काम कसा ठोकला ते आपण पाहिले. परंतु ते दोघेही कचेऱ्यांच्या दप्तरांतून आणि साहेबांच्या ग्रंथांतून, म्हणजे राजमार्गाने गेले. आजचा शब्द मात्र गोऱ्या शिपायांच्या बराकीतून, तोंडातोंडी, कोणाचाही परवाना न घेता विलायतेस पोचला. एखाद्याचे डोके फिरले, तो भ्रमिष्टासारखे वागू लागला, की इंग्लंडातील माणूस आजही त्याला ‘डूलॅली’ झाला असे म्हणतो. आणि हे डूलॅली म्हणजे दुसरेतिसरे काही नसून नाशिकशेजारची आपली देवळाली होय. ‘ळ’ हे अक्षर साहेबाच्या जिभेला कधीच वळले नाही, त्यामुळे गावाच्या नावाची ही दशा झाली.

मुंबई बंदरात उतरलेली पलटण आगगाडीने थळ घाट चढून देवळालीच्या छावणीत दाखल होई, आणि नोकरीची मुदत भरलेले शिपाई मायदेशी रवाना होण्यापूर्वी जमत तेही तेथेच. फौजेची जहाजे बारमाही नसत. पावसाळा सरल्यावर त्यांचा हंगाम सुरू होई आणि उन्हाळा लागता लागता संपे. ज्याचे नशीब खोटे, त्याला जहाजाची वाट पाहत महिनोन्‌महिने तेथेच पडून राहावे लागे. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या शिपायाने, जो विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात चाकरीस होता, 1936 साली प्रसिद्ध झालेल्या ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या पुस्तकात या छावणीची हकीकत दिली आहे. मुदत भरलेल्यांच्या हाती बंदूक नसे. मधूनमधून सामानाची तपासणी आणि क्वचित एखादी लांब पल्ल्याची कूच, एवढेच काम. वेळ जाता जात नसे, आणि ज्यांच्या साऱ्या नोकरीत एक ठपका नाही असे शिपाई अखेरच्या दिवसांत काही आगळीक करून तुरुंगात जात, कोणी गुप्तरोग जडवून घेऊन इस्पितळात पडत.

शिपायांच्या तोंडी मूळ शब्द ‘डूलॅली टॅप’ असा जोडीने होता, आणि त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. संस्कृतातील ज्या ‘तप्’ धातूपासून हा ताप निघाला, त्याचाच दूरचा भाऊबंद लॅटिनमधून इंग्रजीत जाऊन ‘टेपिड’, म्हणजे कोमट, या रूपाने आधीच नांदत होता. परंतु बराकीतल्या शिपायाला हे गोत्र कोण सांगणार? आपण नकोशा कटकटीला ‘डोक्याला ताप’ म्हणतो, आणि त्या बिचाऱ्यांना झालेला विकार नेमका तोच होता. पुढे विलायतेत हा ताप कोणाला कळेना, म्हणून तो गळून पडला आणि नुसते गाव उरले.

मला यात अन्याय दिसतो. ज्या देवळालीच्या कोरड्या, थंड हवेसाठी मुंबईचे पारशी, गुजराती कुटुंबकबिल्यासह येऊन आरोग्यभुवनांत राहत आले, तिच्याच नावाने जगभर वेड ओळखले जावे! दोष होता तो जहाजांच्या वेळापत्रकाचा आणि माणसाला बिनकामाचे ठेवून घेणाऱ्या सरकारी शिरस्त्याचा. नाव मात्र गावाचे गेले. हे मी मोर्शी तालुक्यातील रिद्धपुरात बसून लिहितो आहे, म्हणून कदाचित अधिक खुपते. चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू तेराव्या शतकात याच गावात वाटेल त्याच्या घरात शिरत, मनास येईल ते खात, एकटेच हसत आणि रागावत. लोक त्यांना वेडे म्हणत आणि त्यांनाच आईबापांच्या जागी मानीत. त्यांच्या लीळा महानुभावांनी भक्तीने लिहून ठेवल्या, आणि त्या वेडापायी रिद्धपूर तीर्थ झाले. आमच्या वऱ्हाडात मित्राला ‘बह्याडा’ अशी हाक मारतात तेव्हा त्यात राग किती आणि माया किती, हे ऐकणाऱ्यालाच ठाऊक.

तशी मायेची छटा आता डूलॅलीलाही चढली आहे. बीबीसीने 1974 पासून 1981 पर्यंत ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ ही विनोदी मालिका दाखविली, तिच्या आरंभीच्या भागांतील शिपायांचा तळ देवळालीचाच. रोगाचे नाव अशा रीतीने थट्टेचे झाले. इंग्रज आजी आज स्वतःच्या विसराळूपणालाही तेच नाव देते. आणि 2009 साली पुण्यात स्वतःची बिअर स्वतः गाळणारे एक मद्यगृह निघाले, त्याच्या चालकांनी पाटीवर लिहिले ‘डूलॅली’. इंग्रजीत पिंपाच्या तोटीलाही टॅप म्हणतात. तेव्हा विलायतेत गळलेला ताप येथे तोटी होऊन परत आला आहे, आणि पिणाऱ्यांना देवळाली आठवते असे मला वाटत नाही.

पुढील लेखांकी, आपल्या ‘खुशी’चे नाते सांगणारा शिपाईगडी ‘कुशी’.