थायरॉइड आणि स्त्रीबीजांचा साठा : रिपोर्ट हातात आल्यावर

लग्नाला तीन-चार वर्षं झाली, रेडमंडमध्ये बस्तान बसलं, पण दिवस राहत नाहीत. मग तपासण्या होतात आणि रिपोर्टात दोन गोष्टी दिसतात : ‘टीपीओ अँटीबॉडीज पॉझिटिव्ह’ आणि ‘एएमएच कमी’. भारतातून फोनवर सल्ला येतो, "टेन्शन घेऊ नकोस!" पण या शब्दांचा अर्थ काय?

थायरॉइड ही गळ्यातली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. शरीराची संरक्षण यंत्रणा चुकून तिच्यावरच हल्ला करते, तेव्हा या अँटीबॉडीज रक्तात सापडतात. डॉ. हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ साली या विकाराचं वर्णन केलं. साधारण दहातल्या एका स्त्रीत त्या आढळतात, आणि पुष्कळजणींचं थायरॉइड तरीही नीट चालत असतं.

एएमएच हे अंडाशयातल्या लहान बीजकोशांतून येणारं हार्मोन. त्यावरून बीजांच्या संख्येचा अंदाज येतो, दर्जाचा नाही. आयव्हीएफच्या इंजेक्शनांनी किती बीजं मिळतील हे ठरवायला ते उपयोगी. पण एएमएच कमी म्हणजे मूल होणारच नाही, असं मुळीच नाही.

या दोहोंचा संबंध आहे का? काही अभ्यासांत अँटीबॉडीज असलेल्या स्त्रियांचं एएमएच थोडं कमी दिसलं, काहींत फरक दिसला नाही. तेव्हा "थायरॉइडने बीजं संपवली" असं म्हणता येत नाही. ब्रिटनमध्ये अँटीबॉडीज असलेल्या, पण थायरॉइड नॉर्मल असलेल्या ९५२ स्त्रियांवर चाचणी झाली. कुणाचा पूर्वी गर्भपात झालेला, कुणाला मूल होत नव्हतं. थायरॉइडच्या गोळीने बाळ होण्याचं प्रमाण वाढलं नाही (२०१९).

मात्र टीएसएच वाढलेलं असेल, तर डॉक्टरांनी दिलेली गोळी चुकवू नका. ती उपाशीपोटी घ्या. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनी. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीआधी डॉक्टरांना सांगा, त्याने आकडे चुकू शकतात. दिवस राहिले की लगेच टीएसएच तपासा, कारण डोस बहुधा वाढवावा लागतो.

सगळ्यात मोलाचा आहे वेळ. वय पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभर, पस्तिशी उलटली असेल तर सहा महिने प्रयत्न करून डॉक्टरांना भेटा. आणि दोघांनी मिळून जा. नवऱ्याची तपासणीही पहिल्याच फेरीत व्हायला हवी. सगळा भार एकटीच्या डोक्यावर कशाला?