क्रियापदाचा 'एस्'

मूलच्या शाळेंत इंग्रजी शिकवितांना एक प्रश्न मजकडे वारंवार येई : 'एस्' लागून नामाचें अनेकवचन होतें, तर क्रियापदाचें एकवचन कसें? शंका रास्त आहे. 'बॉय ईट्स', पण 'बॉइज ईट'! हे दोन 'एस्' दिसावयास एक; कुळें निराळीं. जुन्या इंग्रजींत पुरुष-वचनपरत्वें क्रियापदास अनेक प्रत्यय लागत. ते झिजत गेले. वर्तमानकाळीं तृतीयपुरुषी एकवचनाचा तेवढा उरला. तोहि दक्षिणेंत 'एथ्' असे. उत्तरेकडील बोलींतला 'एस्' सतराव्या शतकांत त्याच्या जागीं रूढ झाला.

आपलें क्रियापद कर्त्याशींच बांधलेलें नाहीं. 'मुलानें आंबा खाल्ला, चिंच खाल्ली' येथें तें कर्माच्या मागें जातें. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या व्याकरणांत प्रयोगांचा हा खल जिज्ञासूंनीं अवश्य पाहावा.

खरी ठेंच पुढेंच लागते. 'तेंदूच्या पानांचा पुडा जड आहे' यांत 'पानांचा' मधील 'चा'च सांगतो कीं, कर्ता पुडा, पानें नव्हेत. इंग्रजी 'ऑफ' मुका! म्हणून 'द बंडल ऑफ लीव्ह्ज' लिहितांच विद्यार्थ्याची नजर जवळच्या 'लीव्ह्ज'वर जाते व 'इज'च्या जागीं 'आर' पडतो. परीक्षेंत गुण जातात. नोकरीच्या अर्जांत तर पहिलाच ग्रह वाईट होतो. 'ऑफ'पासूनचे शब्द बोटानें झांकून मग क्रियापद बसवावें. मात्र 'ए नंबर ऑफ बॉइज' पुढें 'आर'च येतो, आणि 'द नंबर ऑफ बॉइज' पुढें 'इज'. पैकीं 'ए नंबर'च्या बाबतींत बोटाचा उपाय चालत नाहीं.