पडवीतली जुनी मोटरसायकल विकताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

केंदूर, पाबळ, करंदी, धामारी या शिरूर तालुक्याच्या पश्चिम भागात पडवीत, गोठ्यालगत किंवा कांद्याच्या चाळीच्या कडेला पोत्यांखाली झाकलेली राजदूत, येझदी, बुलेट किंवा आरएक्स १०० अजूनही दिसते. वडिलांनी तिच्यावर दुधाच्या किटल्या वाहिल्या, बाजार केले, पाहुणे आणले-पोचवले. पुढे घरात नवी गाडी आली आणि जुनी जागच्या जागी राहिली. आता पुण्याहून एखादा शौकीन येतो, आकडा सांगतो आणि घरात चर्चा सुरू होते. त्या चर्चेत ऐकीव गोष्टींचाच भरणा जास्त असतो, आणि नुकसान होतं ते विकणाऱ्याचं. अशा गाडीचा भाव ती चालू आहे की बंद, एवढ्यावर ठरत नाही. ती कोणती आहे, कोणाच्या नावावर आहे आणि तिच्यातलं मूळ किती शिल्लक आहे, हे सिद्ध करता आलं की भाव मिळतो.

गैरसमज : पंधरा वर्षं झाली, म्हणजे गाडी भंगारात.

वस्तुस्थिती : खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते, हे खरं. पण मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४१ मध्येच पुढे पाच-पाच वर्षांच्या नूतनीकरणाची सोय आहे. पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरच्या बंदीची चर्चा आपण ऐकतो ती दिल्ली आणि तिच्या आसपासच्या राजधानी क्षेत्राची आहे. ती महाराष्ट्राला लागू नाही.

मात्र नूतनीकरण फुकट होत नाही. वीस वर्षांवरच्या दुचाकीसाठी ऑगस्ट २०२५ पासून २,००० रुपये शुल्क आहे. मुदत उलटून गेली असेल तर २०२२ पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे दर महिन्याला ३०० रुपये विलंब शुल्क धरलं जातं. शिवाय राज्याचा पर्यावरण कर आहे. म्हणून भाव ठरवण्याआधी आरटीओत थकबाकीचा नेमका आकडा काढावा आणि ती कोण भरणार हे गिऱ्हाइकाशी आधीच बोलून घ्यावं. मुदत संपलेली गाडी रस्त्यावरून चालवत नूतनीकरणाच्या तपासणीला नेऊ नये. ती पिकअपमध्ये किंवा छोट्या हत्तीत घालूनच न्यावी.

गैरसमज : जुनी गाडी म्हणजे विंटेज, आणि विंटेज म्हणजे लाखांत भाव.

वस्तुस्थिती : केंद्राच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडीच विंटेज ठरते. आरएक्स १०० भारतात १९८५ मध्ये आली, त्यामुळे सर्वांत जुनी आरएक्ससुद्धा २०३५ आधी विंटेज होत नाही. तरीही तिला मागणी जोरात आहे, कारण ती १९९६ मध्ये बंद झाली आणि चांगल्या गाड्या कमी उरल्या. येझदी बनवणाऱ्या म्हैसूरच्या आयडियल जावाचा कारखानाही १९९६ मध्येच बंद पडला, म्हणून येझदीचे शौकीन मूळ सुटे भाग शोधत गावोगाव फिरतात.

विंटेज नोंदणीचा फायदा वेगळा आणि बंधनंही वेगळी. नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात, ती दहा वर्षं चालते आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. पण अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच मुभा असते. रोज चालवायला गाडी हवी असलेल्या गिऱ्हाइकाला साधी नूतनीकरण केलेली नोंदणीच सोयीची.

गैरसमज : शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून दिलं, की व्यवहार पक्का.

वस्तुस्थिती : स्टॅम्प पेपरवरच्या करारामुळे आरटीओतलं नाव बदलत नाही. नाव बदलतं ते फॉर्म २९ आणि फॉर्म ३० दिल्यावर. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात स्पष्ट केलं, की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच. गाडी पाच हात फिरून गेली तरी नोटीस केंदूरच्या पत्त्यावरच येणार.

भंगारात देतानाही हेच लक्षात ठेवावं. गाडी मोडीत काढली तर कलम ५५ प्रमाणे चौदा दिवसांत कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते. नुसती वजनावर विकली, तर तिचा नंबर तुमच्या नावावर जिवंत राहतो आणि तो दुसऱ्या गाडीवर फिरू शकतो.

गैरसमज : वडील गेले, आरसी बुक सापडत नाही, म्हणजे गाडी विकताच येत नाही.

वस्तुस्थिती : दोन्हींवर मार्ग आहे. आरसी हरवली असेल तर पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून फॉर्म २६ भरून दुसरी प्रत मिळते. मालक हयात नसेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसांच्या संमतीसह फॉर्म ३१ भरून आधी गाडी वारसाच्या नावावर करावी लागते. इथे एक चूक वारंवार होते : भाऊ आपसात ठरवतात आणि बहिणींना विचारत नाहीत. वडिलांच्या मालमत्तेत बहीण, आई आणि आजी याही वारस आहेत. सर्वांची लेखी संमती घेऊनच पुढे जावं.

१९८९ च्या आधीच्या गाड्यांचे क्रमांक ‘एमएच-१२’ असे नसून तीन अक्षरी असतात. त्यांच्या नोंदी जुन्या रजिस्टरात असतात आणि पुष्कळदा संगणकात चढलेल्या नसतात. नंबर ऑनलाइन दिसत नाही म्हणून गाडी बेकायदा ठरत नाही. अर्ज करून ती नोंद चढवून घ्यावी लागते. हे काम गिऱ्हाईक येण्याआधी झालं, तर भावात त्याचा फरक दिसतो.

गैरसमज : गाडी घरात उभी होती, तिला काय होणार?

वस्तुस्थिती : उभ्या गाडीचंही नुकसान होत असतं, आणि कुठे उभी होती यावर बरंच अवलंबून असतं. आपल्याकडची हवा कोकणापेक्षा कोरडी, हा फायदा. पण गोठ्यातल्या मूत्राच्या वाफेत अमोनिया असतो. तो पितळ आणि तांबं खातो, म्हणजे कार्बोरेटरचे जेट आणि वायरची टोकं. युरियाच्या गोण्या हवेतला ओलावा ओढतात आणि त्यांना टेकलेला पत्रा गंजतो. धान्याजवळ उंदीर येतात आणि वायरिंग कुरतडतात. टाकीत राहिलेलं पेट्रोल चिकट होतं. आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये पाणी शिरलं तर ते तळाला वेगळं होऊन टाकी आतून गंजवतं, आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइपही इथेनॉलने खराब होतात. टू-स्ट्रोक गाड्यांत क्रँकचे ऑइल सील वाळून कडक होतात. टायर वरून धड दिसला तरी त्याच्या कडेचा आकडा पाहावा. शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात. तिथे तीनच अंक असतील तर टायर २००० सालाच्या आधीचा आहे आणि त्यावर कोणालाही बसवू नये.

गैरसमज : किक मारून चालू करून दाखवली, की भाव वाढतो.

वस्तुस्थिती : वर्षानुवर्षं बंद असलेल्या इंजिनला थेट किक मारणं हा सर्वांत महागडा उतावीळपणा आहे. सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल सुकलेलं असतं. कोरडा, गंजलेला पिस्टन आत घासला, की भिंतीवर ओरखडे पडतात. आधी प्लग काढून आत थोडं ऑइल सोडावं आणि दोन-तीन दिवस मुरू द्यावं. मग गाडी गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने हळू फिरवावं. टाकी आणि कार्बोरेटर धुऊन, जुनं ऑइल बदलून, ताजं पेट्रोल घालून मगच किक. राजदूत आणि जुन्या येझदीत पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल मिसळावं लागतं. नव्या पिढीच्या हातून ते राहून जातं आणि इंजिन धरतं.

इंजिन जाम असलं तरी गाडी बाद नसते. पुष्कळदा पिस्टनच्या रिंगाच धरलेल्या असतात. यातलं काही जमत नसेल तर गाडीला हात न लावता ‘बंद आहे, इंजिन फिरवून पाहिलेलं नाही’ एवढं खरं सांगून विकावी. जाणत्या गिऱ्हाइकाला अशी गाडीच आवडते.

गैरसमज : रंग मारून, क्रोम करून, नवे भाग लावून विकली तर चार पैसे जास्त मिळतात.

वस्तुस्थिती : शौकीन आधी इंजिन आणि चासीचे नंबर पाहतो, ते आरसीशी जुळवतो, मग मूळ टाकी, मीटर, दिवा, साइड कव्हर पाहतो. फिकट पडलेला पण कारखान्यातला रंग त्याला हवा असतो. नवा रंग गंज झाकतो, म्हणून संशयही वाढवतो. नंबरांवरची माती रॉकेलच्या फडक्याने पुसावी. पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर लावू नये. घासलेला नंबर म्हणजे चोरीच्या गाडीचा संशय, आणि मग कागद असूनही नाव बदलायला अडचण येते. पूर्वी कधी इंजिन बदललं असेल तर ती नोंद आरसीत आहे का, हे तपासून घ्यावं.

तेव्हा कामाचा क्रम साधा आहे. आधी नंबर आणि आरसी जुळवा. वारसांच्या सह्या आणि थकबाकी यांचा निकाल लावा. गाडी कोरड्या जागी हलवा, झटकून पुसा, सुटलेला प्रत्येक भाग, जुनी किल्ली, सर्व्हिस बुक, जुना विमा असं सगळं एका पिशवीत जमा करा. काय चालतं आणि काय नाही हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. पैसे आणि फॉर्म एकाच बैठकीत हातावेगळे करा, आणि नवं नाव चढल्याची खात्री होईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. घरच्या कष्टांत वाटा उचललेली ही गाडी वजनकाट्यावर जाऊ नये. तिला जपणारा माणूस मिळावा आणि तुम्हाला तिचा पुरता मोबदला मिळावा, यासाठी एवढी मेहनत नक्कीच घ्यावी.