‘त्साराअत’ आणि महारोग

वरोऱ्यास बाबा आमट्यांनी १९४९ साली स्थापिलेल्या संस्थेच्या नावात ‘महारोगी’ हा शब्द आहे. मराठी बायबलात लेवीय ग्रंथाच्या तेराव्या अध्यायातही ‘महारोग’ हाच शब्द योजिलेला आढळतो. मूळ हिब्रू शब्द मात्र ‘त्साराअत’. ही दोन्ही एकच काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्साराअत कापडाला लागते, घराच्या भिंतीलाही लागते. भिंतीला कुठला आला महारोग! ती बुरशी असावी. शिवाय ज्याचे सर्वांग पांढरे पडले, त्याला याजकाने शुद्ध ठरवावे, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे प्रश्न संसर्गाचा नव्हे, विटाळाचा. म्हणूनच तपासणारा वैद्य नसून याजक आहे. तो औषध देत नाही, निवाडा देतो. ग्रीक भाषांतरकारांनी ‘लेप्रा’, म्हणजे खवले धरणारा त्वचाविकार, असा शब्द घातला आणि पुढे ते नाव भलत्याच रोगाला चिकटले. त्या रोगाचा जंतू हॅन्सेनने १८७३ साली शोधला. विटाळ तरीही राहिलाच. बऱ्या झालेल्यालाही घरचे परत घेत नाहीत, हे वरोरेकरांना सांगावयास नको. लेवीयाचा चौदावा अध्याय मात्र फारसा कोणी वाचीत नाही. त्यात याजक स्वतः छावणीबाहेर जातो, बऱ्या झालेल्याला पाहतो आणि विधिपूर्वक आत घेतो.