पटकीचा जिवाणू आतडं पोखरत नाही

पटकीत जंतू आतडं कुरतडतात, असं अजूनही सर्रास मानलं जातं. प्रत्यक्षात व्हिब्रिओ कॉलरी हा जिवाणू दूषित अन्नपाण्यातून पोटात जातो, लहान आतड्याच्या अस्तराला चिकटतो आणि पेशींच्या बाहेरच राहतो. म्हणूनच जुलाब तांदळाच्या धुवणासारखे होतात, त्यांत रक्त नसतं. जिवावर बेततं ते पाणी आणि क्षार वाहून गेल्यामुळे. आजार तीव्र असेल तर तासाला एक लिटरपर्यंत.

हे सगळं घडवतं जिवाणूचं विष. रॉबर्ट कॉखने १८८४ मध्येच तसा तर्क केला होता, पण पुराव्यासाठी १९५९ उजाडावं लागलं. श्रेय कलकत्त्याच्या शंभूनाथ डे यांना मिळतं, आणि ते रास्तच आहे. पण हाफकिन म्हटलं की फक्त प्लेगची लस आठवणाऱ्या आपल्या मुंबईला परळच्या हाफकिन संस्थेचं पटकीवरचं काम माहीत नसावं, याचं वाईट वाटतं. पूर्ण वाढलेल्या प्राण्यांना जिवाणू पाजले तरी पटकी होत नसे, ही खरी अडचण होती. १९५५ मध्ये या संस्थेत दत्ता आणि हब्बू यांनी सशाच्या तान्ह्या पिल्लांत हा आजार घडवून दाखवला. १९५९ मध्ये दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांनी जिवंत जिवाणू नसलेल्या अर्कानेही पिल्लांना तसेच जुलाब होतात, हे दाखवलं.

साखर म्हणजे फक्त ताकद, हाही गैरसमजच. आतड्याच्या पेशींवर जीएम-१ नावाचा स्निग्ध रेणू असतो. त्यावर पाच साखरांची साखळी असते. विष नेमकी तीच ओळखून चिकटतं. मग त्याचा एक भाग आत शिरतो, पेशी क्षार बाहेर टाकत सुटते आणि मागोमाग पाणी जातं.

साखरेबद्दलचे गैरसमज पटकीपुरते नव्हते: प्रथिनांवर अशा साखळ्या चढवणं जिवाणूंना जमत नाही, असं शास्त्रज्ञही बराच काळ मानत. कोंबडीच्या मांसातून येणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूत तर १९९९ मध्ये त्यासाठीची अख्खी यंत्रणाच सापडली. त्याच्या साठाहून अधिक प्रथिनांवर साखळ्या असतात. ही यंत्रणा मोडली की कोंबडीच्या आतड्यात त्याला नीट बस्तान बसवता येत नाही.

सगळ्यांत घातक समज म्हणजे जुलाबात पाणी तोडावं. ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत घेणारा पेशीचा मार्ग विषाने बंद पडत नाही, म्हणून ओआरएस, म्हणजे साखर-मिठाचं पाणी, लागू पडतं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून घोट घोट पाजत राहा. लघवी थांबली, डोळे खोल गेले किंवा गुंगी आली, तर पाजत पाजतच तडक रुग्णालय गाठा.