घरचा राउटर, घरचीच जबाबदारी

सोलापूर, प्रतिनिधी

घरात ब्रॉडबँड घेणे म्हणजे घरातील एका संगणकाला इंटरनेट देणे, असा पूर्वी सरळ अर्थ होता. दूरध्वनीची तार मोडेममध्ये, मोडेमची तार संगणकात, की काम संपले. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात २५६ केबीपीएस एवढा वेगही ब्रॉडबँड म्हणवून घेण्यास पुरेसा मानला गेला होता. जानेवारी २०२३ मध्ये ही किमान मर्यादा २ एमबीपीएस करण्यात आली, आणि आजच्या फायबर जोडण्या तर याच्या कितीतरी पट वेगाने चालतात. वेगाबरोबर उपकरणेही वाढली. जुळे सोलापुरातील एखाद्या चौकोनी कुटुंबात तीन-चार मोबाइल, एक लॅपटॉप, दूरचित्रवाणी संच, प्रिंटर आणि दारावरचा कॅमेरा अशी सात-आठ उपकरणे एकाच राउटरवर सहज आढळतात.

जोडणी करणारा तंत्रज्ञ आपले काम उरकतो, पासवर्ड कागदावर लिहून देतो आणि निघून जातो. त्यानंतर कोणते उपकरण कसे जोडावे, कोणाला जोडू द्यावे आणि कोणाला नाही, हा सारा कारभार घरच्यांकडे येतो. तो नीट समजून घेतला तर वेगाच्या निम्म्या तक्रारी घरीच मिटतात. शिवाय एक मोठी जोखीमही टळते.

वाडा एक, बिऱ्हाडे अनेक

इंटरनेट सेवा देणारी कंपनी आपल्या जोडणीला सहसा एकच सार्वजनिक पत्ता देते. त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. हा एक पत्ता घरातील सर्व उपकरणांना पुरवण्याचे काम राउटर करतो. त्यासाठी जुन्या वाड्याची कल्पना करावी. वाड्यात दहा बिऱ्हाडे नांदत असली तरी बाहेरच्याच्या लेखी घरक्रमांक एकच असतो. कोणते पत्र कोणत्या खोलीत द्यायचे हे दारावरचा माणूस जाणतो. राउटर म्हणजे हा दारावरचा माणूस. तो प्रत्येक उपकरणाला १९२.१६८.१.२, १९२.१६८.१.३ असे घरापुरते क्रमांक देतो, बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मागणीवर वाड्याचा पत्ता घालतो आणि उत्तर आले की ते ज्याचे त्याला पोहोचवतो.

याचा एक परिणाम मात्र फार थोड्यांच्या ध्यानात येतो. मागणी घरातल्या कोणत्या मोबाइलवरून निघाली हे केवळ या पत्त्यावरून बाहेरच्यांना कळत नाही. अलीकडे काही कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांना वाटून देतात; तरीही अमुक वेळी तो कोणाकडे होता, याची नोंद कंपनीला ठेवावी लागते. त्यामुळे माग काढणारा शेवटी येतो तो जोडणी ज्याच्या नावावर आहे, त्याच्याच दाराशी.

तार हवी की नको?

वाय-फायच्या सोयीमुळे केबल विस्मरणात गेली असली, तरी एका जागी बसून राहणाऱ्या उपकरणांसाठी तीच उत्तम. टेबलावरचा संगणक, दूरचित्रवाणी संच आणि कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारी पेटी राउटरजवळ असल्यास ती केबलनेच जोडावीत. तेवढीच वाय-फायवरची गर्दी कमी होते आणि मोबाइल-लॅपटॉपला मोकळी वाट मिळते.

राउटरच्या मागे वेगळ्या रंगाचे किंवा ‘वॅन’ असे लिहिलेले एक पोर्ट असते. ते बाहेरून येणाऱ्या जोडणीसाठी आहे. घरातील उपकरणांच्या केबल ‘लॅन’ लिहिलेल्या पोर्टमध्ये घालाव्यात. कंपनीने दिलेल्या फायबरच्या पेटीतच राउटर अंतर्भूत असेल तर वेगळे ‘वॅन’ पोर्ट दिसणार नाही. केबलची सलग लांबी १०० मीटरपर्यंत चालते, त्यामुळे खालच्या मजल्यावरून गच्चीवरच्या खोलीत ती नेण्यात तांत्रिक अडचण नाही.

२०० एमबीपीएसची योजना घेऊनही केबलवर जेमतेम ९०-९५ एमबीपीएस वेग मिळतो, अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. दर वेळी दोष कंपनीचाच असतो असे नाही. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० एमबीपीएससाठी त्यांपैकी दोनच पुरतात, त्यापुढच्या गिगाबिट वेगासाठी चारही लागतात. एखादी तार तुटली असेल, टोकाला नीट बसली नसेल किंवा राउटरचे पोर्टच १०० एमबीपीएसचे असेल, तर वेग तेथेच अडतो. म्हणून केबल घेताना किमान ‘कॅट ५ई’ प्रकारची घ्यावी आणि राउटरवर गिगाबिट पोर्ट आहे का, हे आधी पाहावे.

दोन लहरी, जाड भिंती

आजचे बहुतेक राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतात. २.४ची लहर दूर जाते, भिंती बऱ्यापैकी भेदते, परंतु तिचा वेग कमी आणि तिच्यावर गर्दी फार. ५ची लहर वेगवान असली तरी भिंतीपुढे लवकर दमते. राउटरच्या खोलीत लॅपटॉप असेल तर तो ५वर जोडावा. दोन खोल्या पलीकडे २.४ बरी. घरगुती कॅमेरे, स्मार्ट दिवे यांपैकी पुष्कळ उपकरणे केवळ २.४वरच चालतात. नवा कॅमेरा काही केल्या जोडला जात नसेल, तर कारण बहुधा हेच असते.

कसबा, बाळीवेस भागातील जुन्या घरांच्या दगडी, रुंद भिंतींत हा फरक फारच जाणवतो. अशा घरात राउटर कोपऱ्यात, लोखंडी कपाटामागे किंवा देव्हाऱ्याखालच्या फडताळात ठेवू नये. तो घराच्या मध्यभागी, छातीएवढ्या उंचीवर, मोकळ्यावर असावा. तरीही मागच्या खोलीत वेग मिळत नसेल तर रिपीटर घेण्याची घाई करू नये. साधा रिपीटर ज्या लहरीवर ऐकतो त्याच लहरीवर बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येऊ शकतो. त्याऐवजी त्या खोलीपर्यंत केबल नेऊन तेथे दुसरा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणून लावणे अधिक चांगले. मात्र वाड्याला दारावरचा माणूस एकच असावा. दुसऱ्या राउटरनेही क्रमांक वाटण्यास सुरुवात केली तर घरात गोंधळ माजतो. म्हणून त्याच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ निवडावा. ती सोय नसेल तर त्यावरील ‘डीएचसीपी’ बंद करावे, त्याचा स्वतःचा पत्ता मुख्य राउटरहून वेगळा ठेवावा आणि केबल त्याच्या ‘लॅन’ पोर्टमध्ये घालावी.

उघड्या दाराची किंमत

जी लहर मागच्या खोलीपर्यंत पोहोचते, तीच खिडकीतून गल्लीतही पोहोचते. ही गोष्ट किती गंभीर ठरू शकते, हे महाराष्ट्राने २००८ मध्ये पाहिले. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत झालेल्या साखळी स्फोटांत ५६ जणांचा बळी गेला. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल आला होता. त्याचा माग काढत पोलीस पोहोचले ते नवी मुंबईतील सानपाडा येथे, एका परदेशी नागरिकाच्या घरी. त्याचे वाय-फाय असुरक्षित होते आणि दुसऱ्याच कोणी त्याचा वापर केला होता. कटाशी काडीचाही संबंध नसताना त्या गृहस्थाला चौकशीच्या दीर्घ फेऱ्याला तोंड द्यावे लागले. त्यानंतर ऑगस्टमध्ये माटुंग्यातील एका महाविद्यालयाच्या आणि सप्टेंबरमध्ये चेंबूरमधील एका कंपनीच्या नेटवर्कवरून असेच ई-मेल गेले.

या प्रकारांनंतर मुंबई पोलिसांनी असुरक्षित वाय-फाय शोधण्याची मोहीम जाहीर केली. फेब्रुवारी २००९ मध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागानेही वाय-फाय सुरक्षित करण्याबाबत सेवा पुरवठादारांना सूचना दिल्या. आज पासवर्डविना वाय-फाय घरांत क्वचितच असते. परंतु मोबाइल क्रमांक किंवा आडनाव हाच पासवर्ड असेल आणि तो वर्षानुवर्षे पाहुण्यांपासून शेजारच्या मुलांपर्यंत सर्वांना ठाऊक असेल, तर दाराला कुलूप आहे असे कसे म्हणावे?

दोन पासवर्ड, दोन कामे

पासवर्ड दोन असतात, हे पुष्कळांना माहीतच नसते. एक वाय-फायला जोडण्याचा. दुसरा राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा राउटरखालच्या चिठ्ठीवर छापलेला पत्ता टाकला की ही सेटिंग उघडतात. तेथे ‘ॲडमिन’ हेच नाव आणि ‘ॲडमिन’ हाच पासवर्ड तसाच राहू दिला, तर वाड्याच्या किल्ल्या चव्हाट्यावर टांगल्यासारखे होते. जुलै २०१७ मध्ये कर्नाटकासह काही भागांत बीएसएनएलच्या ग्राहकांचे हजारो मोडेम एका घातक प्रणालीने निकामी केले होते. मूळ पासवर्ड न बदललेले मोडेम तिच्या तडाख्यात सापडले होते.

कॅमेऱ्यांबाबतही हेच लागू आहे. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या प्रणालीने मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर जगभरातून ताब्यात घेतले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्यांच्याच फौजेने ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळे काही तास विस्कळीत केली. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतला यंत्रमाग कारखाना घरबसल्या मोबाइलवर पाहणाऱ्या उद्योजकाने म्हणूनच आधी कॅमेऱ्याच्या पेटीचा पासवर्ड बदलला आहे का, ते पाहावे.

एवढे आवर्जून करा

* राउटरचा आणि वाय-फायचा असे दोन्ही मूळ पासवर्ड बदला. वाय-फायचा पासवर्ड किमान १२ अक्षरांचा असावा. तीन-चार असंबद्ध शब्द जोडले तर तो लक्षातही राहतो.
* सुरक्षेच्या प्रकारात ‘डब्ल्यूपीए२’ किंवा ‘डब्ल्यूपीए३’ निवडा. जुना ‘डब्ल्यूईपी’ प्रकार २००१ मध्येच कुचकामी ठरला आहे.
* बटण दाबून जोडणी करण्याची ‘डब्ल्यूपीएस’ सोय बंद ठेवा. तिच्या पिन क्रमांकातील कच्चा दुवा २०११ मध्ये उघड झाला.
* पाहुण्यांसाठी ‘गेस्ट नेटवर्क’ सुरू करा. कॅमेरे आणि स्मार्ट दिवेही त्यावर ठेवता येतात, म्हणजे संगणकातील कागदपत्रांपासून ते दूर राहतात.
* जोडलेल्या उपकरणांची यादी महिन्यातून एकदा तपासा. अनोळखी नाव दिसल्यास लगेच पासवर्ड बदला. नवे मोबाइल मात्र स्वतःची ओळख बदलून जोडले जात असल्याने आधी घरातली उपकरणे मोजून घ्या.

जोडणी होत नसेल तर

* फायबरच्या पेटीवर ‘लॉस’ हा लाल दिवा लागला असेल तर दोष बाहेरच्या तारेत आहे. राउटरशी खटपट न करता थेट कंपनीला कळवा.
* संगणकाला १६९.२५४ने सुरू होणारा क्रमांक मिळाला असेल, तर राउटरने त्याला क्रमांक दिलेलाच नाही. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने सुरू करा आणि केबल नीट बसवा.
* एकच उपकरण अडले असेल, तर त्यातील जुने नेटवर्क पुसून पासवर्ड नव्याने टाका.
* वीज गेल्यावर इन्व्हर्टर असूनही इंटरनेट बंद पडत असेल, तर फायबरची पेटी आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरच्या जोडणीवर आहेत का, ते पाहा. दोहोंपैकी एक जरी सुटले तरी इंटरनेट चालत नाही.